भट्टीच्या आत लावलेली हळद

बाई,

तो संशोधनाचा पेपर पाठवायला मी हो म्हणणार नाही, असं काल माझ्या गाईड सरांना सांगितलं. सांगून बाहेर पडले, बसस्टॉपवर येऊन उभी राहिले, आणि सगळ्यात आधी तुम्ही आठवलात. पण प्रेमाने किंवा कृतज्ञतेने आठवलात असं नाही. बस येईपर्यंत मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला तुम्हीच लागता याचं मलाच नवल वाटलं. आज रविवार आहे. दुपारी प्रयोगशाळेच्या मजल्यावर माझ्याशिवाय कोणी नाही. भट्टी गार झाल्याशिवाय तिचं दार उघडता येत नाही, तोवर दुसरं काही करण्याची ताकद नाही, म्हणून कालचं अर्धवट राहिलेलं भांडण इथे लिहून काढते आहे.

तुमच्या वर्गातून एवढ्या मुली गेल्या, की मी कोणती हे सांगावं लागेल. नदीपलीकडच्या गावातून बस बदलून नारायण पेठेत येणारी, पहिल्या बाकावर बसून काहीच न बोलणारी. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं अकरावीत एकदम इंग्रजीत आलं, आणि मला वाटलं की आपल्याला विज्ञान येत नाही. तुम्ही एका शनिवारी मला थांबवलंत आणि विचारलंत, "कळत नाही, की इंग्रजी कळत नाही?" असा फरक असतो हे तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं. मग मी दर शनिवारी कॉलेज सुटल्यावर तुमच्या शनिवार पेठेतल्या घरी यायला लागले. तुमच्या स्वयंपाकघरात एकच टेबल, त्याच्या अर्ध्या भागावर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडायला घेतलेली, उरलेल्या अर्ध्यावर माझं पुस्तक. तुम्ही पुस्तकाकडे न बघता शिकवायचात. एकदा मी अडखळत 'सेमीकंडक्टर' वाचलं, तर तुम्ही उठून आतून तो जाडा परिभाषा कोश आणलात आणि म्हणालात, "अर्धवाहक. घाबरण्यासारखं काही नाही. शुद्ध असतो तोवर कामाचा नसतो, त्यात थोडी भेसळ करावी लागते." मी विचारलं, भेसळ म्हणजे? तुम्ही मेथीची काडी मोडत म्हणालात, "मोजून केली तर डोपिंग म्हणतात. न मोजता केली तर अन्न-भेसळवाले येतात." तुम्ही हसला नाहीत, त्यामुळे हसावं की लिहून घ्यावं हे मला कळेना. तो कोश तुम्ही परत घेतलाच नाहीत. मी दोनदा आणून दिला, तर म्हणालात, "मला शब्द माहीत आहेत. तुला लागतील."

आणि मग बारावीचं प्रॅक्टिकल. आपल्या कॉलेजातल्या त्या गॅल्व्हॅनोमीटरची सुई चिकटायची, टिचकी मारली की उडी घ्यायची. सरावाच्या परीक्षेत मी आली तीच रीडिंग लिहिली. ग्राफवर सरळ रेषा यायला हवी होती, तिथे माझे ठिपके कुठेही पडले होते. मला वाटलं होतं तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही सगळ्यांसमोर माझा कागद वर धरलात आणि विचारलंत, "हा ग्राफ आहे की रांगोळी?" मी म्हटलं, बाई, हीच रीडिंग आली, सुई चिकटते. त्यावर तुम्ही म्हणालात, "सुई चिकटते हे कॉलेजला माहीत आहे, मला माहीत आहे, बाहेरून येणाऱ्या परीक्षकालाही माहीत आहे. कागदावर मात्र ते कोणालाच माहीत नसतं." आणि फळ्यावर कोणत्या प्रयोगात किती उत्तर यायला हवं ते लिहायला लागलात. वर्ग मुकाट्याने उतरवून घेत होता. मी घेतलं नाही, तेव्हा सुटल्यावर मला जिन्यात गाठून अगदी हळू आवाजात म्हणालात, "घरातली पहिली आहेस तू. आधी पास हो. खरेपणाची चैन नंतर कर, तुझी तू." परीक्षेत मी फळ्यावरची उत्तरं लिहिली. सगळ्यांनीच लिहिली. मार्क पूर्ण मिळाले, बीएस्सीला प्रवेश मिळाला, आणि आमच्या घरात पहिल्यांदा कोणी पदवीपर्यंत गेलं. तुम्ही ते पाहिलं नाहीत. मी दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेल्याचं एका मैत्रिणीकडून कळलं, तेव्हा दिवसही होऊन गेले होते.

आता मी काय करते ते सांगते. काचेच्या छोट्या तुकड्यांवर जस्ताच्या क्षारापासून झिंक ऑक्साइडच्या काड्या वाढवते. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढी एकेक काडी, सूक्ष्मदर्शकाखाली गवताच्या माळासारखं दिसतं. मग ते तुकडे भट्टीत भाजायचे, त्यांना तारा जोडायच्या, आणि त्यांच्यावरून अमोनियाचा वायू सोडायचा. काड्यांना अमोनिया लागला की त्यांच्यातून वीज जास्त वाहते आणि स्क्रीनवरची रेघ वर चढते. म्हणजे ते एक नाक आहे. नाक म्हटलं की सर वैतागतात, "सेन्सर म्हण, सेन्सर." पण मी घरी नाकच म्हणते, कारण माझे बाबा बर्फाच्या कारखान्यात आहेत. तिथे गारव्यासाठी पाइपांतून अमोनिया फिरतो. मी लहान असताना एकदा तो गळला होता, आणि बाबा ओला टॉवेल तोंडाला बांधून घरी आले होते. डोळे मिरची गेल्यासारखे लाल. आईने विचारलं, वास आला नाही का आधी? बाबा म्हणाले, "रोज थोडा असतोच की. नाकाला सवय झाली का मग कळत न्हाई." पुढे संशोधनाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी वायूंच्या यादीतून अमोनियावर बोट ठेवलं. सर म्हणाले, ठीक आहे, त्यावर खूप काम झालंय, पण तुला स्वस्तातलं करायचंय तर कर. भिंतीवर घड्याळासारखं अडकवता येईल, सवय न होणारं एक नाक, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी ते बाबांना सांगून टाकलं, आणि बाबांनी सगळ्या कारखान्याला.

चांगली बॅच आली ती मागच्या वर्षीच्या दसऱ्यानंतर. खंडेनवमीला आम्ही इथेही यंत्रांची पूजा करतो. मजला धुऊन काढायचा, झेंडूच्या माळा, भट्टीपुढे नारळ, आणि प्रयोगशाळेतली वयाने मोठी मुलगी म्हणून हळदीकुंकू लावायचं काम माझं. त्या वर्षी सर तबकाकडे बघून म्हणाले, "दारावर लावू नका यंदा. आधीचे बोटांचे डाग अजून निघाले नाहीत, पाहुणे विचारतात हे कसले डाग." मी म्हटलं, मग कुठे लावू? सर म्हणाले, "देवीला दिसेल अशा कुठल्याही ठिकाणी." म्हणून मी भट्टीचं दार उघडलं आणि आतल्या विटेवर चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू ठेवलं, वर अक्षता टाकल्या. ज्या भट्टीत एरवी हातमोज्याशिवाय आम्ही हात घालत नाही, तिच्यात. मला तेव्हा त्यात काहीही वावगं वाटलं नाही. पूजा हे एक काम आणि प्रयोग हे दुसरं काम, दोन्ही मन लावून करायची, असंच मी शिकले आहे.

दसऱ्यानंतर भाजलेल्या पहिल्या बॅचमध्ये रेघ अशी चढली की मी आधी वायर सैल आहे का ते बघितलं. वायर नीट होती. वायू बंद केला, रेघ जिथून निघाली होती तिथेच येऊन थांबली. पुन्हा वायू सोडला, पुन्हा चढली. तो काचेचा तुकडा, म्हणजे चिप, तापवावी लागली नाही, काही नाही, नुसती टेबलावर ठेवलेली. सर त्यांच्या खोलीतून उठून आले आणि उभ्यानेच बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चहा सांग सगळ्यांना." ते असं कधी म्हणत नाहीत. संध्याकाळी घरी मी बाबांना सांगितलं, जमलं. बाबा म्हणाले, "मग शेठला सांगू ना? भिंत रिकामीच हाय."

त्यानंतर ते पुन्हा जमलं नाही. पुढची बॅच थोडी कमी, त्याच्या पुढची आणखी कमी, मग तर रेघ नुसती थरथरायची. मी पाण्याला दोष दिला, क्षाराची बाटली बदलली, काच बदलली, पावसाळी हवेला दोष दिला, मग कोरड्या हवेला दिला. घरून डबा आणायची, तो पाच-पाच वाजेपर्यंत तसाच राहायचा. कधी कधी वाटायचं की ती रेघ मी पाहिलीच नाही. पण ती पाहिलेली होती, साठवलेली होती, आणि सरांनी तिच्यावर पेपर लिहायला घेतलाही होता. त्या चांगल्या चिपची मूलद्रव्यांची तपासणी केली, तर त्यात थोडं पोटॅशियम निघालं, जे मी कधीच घातलं नव्हतं. सर म्हणाले, "काचेतून आलं असेल. नाहीतर तुझा घाम." मी घाम पुसून पुढच्या कामाला लागले.

आणि यंदाची खंडेनवमी. माझ्या हाताखाली नवीन आलेली मुलगी तबक घेऊन भट्टीपुढे उभी, साडी सांभाळत. मला विचारते, "ताई, मागच्या वर्षी फोटोत भट्टीचं दार उघडं दिसतंय. तुम्ही हळदीकुंकू आत लावलं होतंत का?" मी हो म्हटलं, आणि तिथेच उभी राहिले. ती म्हणते, "मग आतच लावू?" मी म्हटलं, नको. इतक्या जोरात म्हटलं की तिच्या हातातल्या अक्षता सांडल्या. हळदीत पोटॅशियम असतं, बाई. भाजली की राख होते, राख उडते, चिपवर बसते. एवढं साधं. वर्षभर मी जगभरचे पेपर वाचत होते.

दसरा झाल्यावर मी मुद्दाम हळद घालून पाहिली. घरची, दुकानातली, कुंकवासकट, कुंकवाशिवाय. मग हळद सोडून नुसता पोटॅशियमचा क्षार, नीट तोलून. एकदा एक चिप जरा जागी झाल्यासारखी वाटली, बाकीच्या गप्प. हाताखालची मुलगी म्हणाली, "ताई, तेव्हा नारळही फोडला होता, तो राहिला." आम्ही दोघी हसलो, आणि मग मला एकदम इतकं थकल्यासारखं झालं की स्टुलावर बसून राहिले. म्हणजे काय घडलं होतं हे कळलं, असं वाटत होतं तेही खात्रीने सांगता येईना. न मोजता झालेली भेसळ नंतर मोजून करता येत नाही, निदान मला तरी आली नाही.

सरांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. "म्हणजे पेपरच्या नावात हळद? आमच्या हिला सांगतो, कोथरूडच्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा काढ म्हणून." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, "ती मोजमापं तू बनवलीस का?"

"नाही सर."

"खोटी आहेत का?"

"नाही."

"मग घाबरतेस कशाला? आलं ते लिहायचं. हळदीचं लिहिलंच पाहिजे असं कोण म्हणतं? एकेका चांगल्या चिपवर किती पेपर उभे आहेत तुला कल्पना नाही."

सर वाईट नाहीत, बाई. तेही गावच्या शाळेतून आले आहेत. माझी मुदत किती उरली आहे हे त्यांना माझ्यापेक्षा नीट पाठ आहे. पेपर नाही तर प्रबंध देता येत नाही, प्रबंध नाही तर पीएच.डी.ची पदवी नाही, आणि जूनपासून एका कॉलेजात शिकवायला जायचं जवळजवळ ठरलं आहे ते पदवीच्याच भरवशावर. हे सगळं ते न बोलता बोलत होते. मी विचार करून सांगते म्हटलं. आणि विचार करायला बसले की तुम्ही जिन्यात उभ्या. घरातली पहिली आहेस तू.

कालपर्यंतचे दिवस याच भांडणात गेले. मी तुम्हाला म्हणत होते, तुम्ही आम्हाला हीच सवय लावलीत. मार्क मिळवून देणारा कागद वेगळा आणि चिकटलेली सुई वेगळी. आणि तुम्ही म्हणत होतात, अगं, ती सवय नसती लागली तर तू आज त्या भट्टीपुढे उभीच नसतीस. ते खरं आहे. त्या दिवशी माझी रांगोळी घेऊन मी परीक्षेला गेले असते तर कुठल्या तरी दुकानात बिलं करत असते, आणि प्रामाणिक असते, आणि कोणी मला काही विचारलं नसतं. फक्त एवढंच, की त्या गॅल्व्हॅनोमीटरवर कोणाचा जीव अवलंबून नव्हता. सरळ रेषा आली काय, न आली काय, वर्ग सुटल्यावर दिवे बंद करून आपण घरी जायचो. इथे माझा पेपर वाचून कोणी उद्या तसलीच चिप बनवेल आणि ती गप्प बसेल. किंवा कोणी ती भिंतीवर लावेल आणि तिच्या भरवशावर खाली काम करेल. मला ती भिंत माहीत आहे. लहानपणी बाबांचा डबा द्यायला जायची तेव्हा तिला हात लावून बघायची, पाठीमागे पाइप असल्यामुळे ती नेहमी गार असायची.

म्हणून काल गेले. सर पेपर उघडूनच बसले होते, माझं नाव पहिलं, त्यांचं शेवटचं. मी म्हटलं, सर, प्रबंधात हे सगळं घडलं तसं लिहिते. चांगली बॅच, हळद, नंतरच्या गप्प चिपा, सगळं. पण हा पेपर या स्वरूपात नको. सरांनी चष्मा काढला. मला वाटलं ओरडतील. मग म्हणाले, "जूनचं कॉलेज जाईल."

"हो सर."

"वर्ष जाईल. मुदतवाढ मिळेलच असं नाही."

"हो सर."

"बरं. तू प्रामाणिक राहा, मी मुदतवाढीसाठी विद्यापीठातल्या साहेबांचे पाय धरतो. नेहमीचंच वाटप." आणि मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाले, "आणि भट्टी आतून खरवडून घे. सोमवारपासून पुन्हा सुरुवात कर. हळद राहू दे सध्या, नुसत्या काड्यांपासून."

यात अभिमान वाटण्यासारखं काहीतरी असायला हवं. मी बसमध्ये शोधत होते, सापडलं नाही. वीट बदलली आहे, आतून घासून काढलं आहे, रिकामीच भट्टी एकदा तापवली आहे. पुन्हा पहिल्यापासून काड्या वाढवायच्या आहेत. मला खरंच कंटाळा आला आहे, बाई. हे मी कोणाला म्हणू शकत नाही. घरात सगळ्यांना वाटतं की शिकलेल्या माणसाला कंटाळा येत नाही, त्याला विचार असतो.

अजून एक राहिलं. काल रात्री जेवताना बाबांनी विचारलं. ते पुढच्या वर्षी कारखान्यातून सुटणार, आणि त्यांच्या डोक्यात एकच आहे, की त्याआधी ते नाक भिंतीवर लागावं, म्हणजे मागे राहणाऱ्यांना सांगता येईल, पोरीनं केलंय. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मग? कधी आणतीस?" मी दुपारी सरांसमोर उभी राहून सगळं सांगून आले होते, एक शब्द चाचरले नव्हते. आणि बाबांना मी म्हटलं, "मशीन बिघडलंय बाबा. दुरुस्तीला पाठवलंय."

ते म्हणाले, "मशीन म्हटलं का बिघडायचंच. सावकाश होऊ दे." आणि आईला आमटी मागितली.

या कागदावर पत्ता घालण्याचा प्रश्न नाही, म्हणून हे इथे लिहिता येतं. भट्टी माझ्यासमोर आहे, आता हात लावण्याइतकी गार झाली असेल. ती बिघडलेली नाही. आज घरी गेल्यावर बाबांना सांगेन, असं शेवटी लिहायचं मनात होतं. पण आजही सांगणार नाही, हे मला आत्ताच ठाऊक आहे.